आधी जागा, मग विक्रम

रग्बीच्या नोंदवहीत ब्रायन हबाना या नावापुढे दोन आकडे आहेत : १२४ आणि ६७. दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय संघाकडून तो १२४ कसोटी सामने खेळला आणि त्यात त्याने ६७ ट्राय केले. त्याच्या देशात हा आकडा दुसऱ्या कोणालाही गाठता आलेला नाही. पुरुषांच्या कसोटी रग्बीत साऱ्या जगात त्याच्या पुढे फक्त एक माणूस आहे, जपानचा दाइसुके ओहाता. त्याचे ६९ ट्राय.

आपल्याकडे रग्बी फारसं कोणी बघत नाही, म्हणून आधी थोडं खेळाविषयी सांगतो. प्रत्येक बाजूला पंधरा खेळाडू असतात आणि सामना ऐंशी मिनिटांचा असतो. दोन देशांच्या मुख्य संघांत झालेल्या सामन्याला कसोटी म्हणतात. क्रिकेटसारखे पाच दिवस तिथे लागत नाहीत. लांबट अंड्याच्या आकाराचा चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन तो जमिनीला टेकवायचा. त्याला ट्राय म्हणतात आणि त्याचे पाच गुण मिळतात. यात गंमत अशी की पळायचं पुढे असलं, तरी चेंडू हाताने पुढे फेकायला बंदी आहे. तो सोबत्याकडे द्यायचा तर बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो. म्हणजे ज्याला पुढे जायचं आहे त्याचे साथीदार त्याच्या मागे हवेत. आपल्या कबड्डीत चढाई करणारा एकटा जातो. इथे एकट्याने गेलेला बहुधा आडवा होतो.

या खेळाशी आपल्या देशाचं एक जुनं नातं आहे, ते फार थोड्यांना ठाऊक असतं. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात ज्या चषकासाठी सामना होतो त्याचं नाव कलकत्ता कप. कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद पडला तेव्हा सभासदांनी बँकेतले शिल्लक चांदीचे रुपये काढले, वितळवले आणि त्याचा चषक करवून इंग्लंडला पाठवून दिला. ही १८७८च्या सुमाराची गोष्ट. त्या चषकाचे कान नागाच्या आकाराचे आहेत आणि झाकणावर हत्ती आहे.

हबाना खेळायचा विंगर म्हणून, पाठीवर ११ क्रमांक. विंगर मैदानाच्या अगदी कडेला उभा असतो. मधल्या धटिंगणांनी ढकलाढकली करून, मार खाऊन, इंच इंच जमीन मिळवून चेंडू कडेपर्यंत पोहोचवायचा आणि मग विंगरने उरलेलं अंतर वाऱ्यासारखं कापायचं. टाळ्या त्याला पडतात. पण ६७ म्हणजे ६७ वेळा कोणीतरी चेंडू त्याच्यापर्यंत आणून दिला, हेही त्या आकड्यात धरलेलं असतं. काही वेळा तो त्याने स्वतःही हिसकावला, ती गोष्ट पुढे येईल.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. आमचं शहर मालेगाव, यंत्रमागांचं. आठवीच्या वर्गाला मराठीचा नेहमीचा निबंध दिला होता, 'माझा आवडता खेळाडू'. वह्या तपासायला बसलो की विराट, रोहित, सिराज, पुन्हा विराट. एका मुलाने मात्र हबाना लिहिला होता. मोडक्या मराठीत, पण अगदी मनापासून. मोबाईलवर त्याने हबाना आणि चित्त्याची शर्यत पाहिली होती. ती शर्यत खरी आहे. २००७ साली चित्त्यांच्या रक्षणाकडे लोकांचं लक्ष जावं म्हणून दक्षिण आफ्रिकेतल्या एका चित्ता केंद्रात हबाना चित्त्यासोबत धावला. त्याला थोडं पुढून सुरुवात दिली होती, तरीही चित्ताच जिंकला. मुलाने निबंधात लिहिलं होतं, 'तो हरला पण पळाला.' मी त्या वाक्याखाली लाल शाईने काहीच केलं नाही.

दुसऱ्या दिवशी वही परत देताना त्याने हळूच विचारलं, "सर, हबाना आपल्यातला आहे का?"

नावामुळे त्याला तसं वाटलं असणार. हबाना, हबीब, हब्बान, कानाला जवळचं वाटतं खरं. मी सांगितलं की नाही बाळा, तो मुसलमान नाही. त्याचं पूर्ण नाव ब्रायन गॅरी हबाना. वडील बर्नी हबाना मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबचे चाहते, म्हणून ब्रायन रॉबसन आणि गॅरी बेली या दोन खेळाडूंची नावं त्यांनी लेकाला दिली. वर्ग हसला. तो मुलगाही हसला, पण थोडा हिरमुसला. त्याने प्रश्न का विचारला हे मला कळत होतं. माणूस कुठेही गेला की आधी बघतो, आपल्यासारखं कोणी इथे आत गेलं आहे का? लग्नाच्या मांडवात अनोळखी माणसं असली की आपण तेच बघतो आणि सरकारी कचेरीतही तेच. मुलं विक्रमांच्या यादीतही तेच शोधतात.

त्या प्रश्नामुळे मी हबानाविषयी वाचायला बसलो.

हबानाचा जन्म जून १९८३चा. कसोटीतलं पदार्पण २० नोव्हेंबर २००४ला, लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर, इंग्लंडविरुद्ध. बदली खेळाडू म्हणून तो आत आला आणि चेंडूला पहिल्यांदा हात लागला त्यातच त्याने ट्राय केला. सामना दक्षिण आफ्रिका हरली, पण या मुलाचं नाव झालं. पुढच्याच वर्षी तो देशाचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. हा मान त्याला २००७ आणि २०१२ सालीही मिळाला.

२००७ हे साल तर त्याचंच म्हणायला हवं. मे महिन्यात दर्बानला सुपर १४ स्पर्धेचा अंतिम सामना होता, प्रिटोरियाचे बुल्स विरुद्ध यजमान शार्क्स. ऐंशी मिनिटं उलटून गेली होती, शार्क्स पुढे होते आणि हबानाने कडेवरून आत वळून बचाव फोडत ट्राय केला. त्यावरची किक यशस्वी झाली आणि बुल्स २०–१९ असे जिंकले. दक्षिण आफ्रिकेच्या संघाने ही स्पर्धा जिंकण्याची ती पहिलीच वेळ. मग सप्टेंबरमध्ये फ्रान्समध्ये विश्वचषक सुरू झाला. पहिल्याच सामन्यात सामोआविरुद्ध हबानाचे चार ट्राय. पुढे अमेरिकेविरुद्ध दोन. उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध आणखी दोन : एकदा स्वतःच चेंडू पुढे टोलवून स्वतःच पळत जाऊन गाठला आणि शेवटी शेवटी समोरच्यांचा पास मध्येच पकडून मैदान पार केलं. एकूण आठ. २० ऑक्टोबरला पॅरिसजवळ अंतिम सामन्यात इंग्लंडला १५–६ असं हरवून दक्षिण आफ्रिका जगज्जेती झाली. त्या वर्षीचा जगातला सर्वोत्तम रग्बीपटू हबाना.

२००९ साली ब्रिटिश अँड आयरिश लायन्सविरुद्धची मालिका दक्षिण आफ्रिकेने २–१ अशी जिंकली. प्रिटोरियाच्या ज्या दुसऱ्या सामन्यात ती हाती आली, त्यात त्याचा एक ट्राय होता. २०११च्या विश्वचषकात नामिबियाविरुद्ध त्याने ३९वा ट्राय केला आणि जूस्ट फान डेर वेस्टहाउझन या थोर खेळाडूचा ३८चा राष्ट्रीय विक्रम मागे पडला. नंतर तो फ्रान्सच्या तुलोन क्लबमध्ये गेला. तिथे २०१४ आणि २०१५ असे लागोपाठ दोन युरोपीय चषक आणि २०१४चं फ्रेंच विजेतेपद. शेवटची कसोटी नोव्हेंबर २०१६मध्ये इटलीत. त्या दिवशी इटलीने दक्षिण आफ्रिकेला इतिहासात पहिल्यांदा हरवलं. २०१८ साली तो निवृत्त झाला. सुरुवात पराभवात, शेवटही पराभवात आणि मध्ये हे सगळं.

त्याच्या विक्रमांतला मला सर्वांत आवडणारा विक्रम मात्र ६७चा नाही. तो आहे १५चा.

विश्वचषकात सर्वाधिक ट्राय न्यूझीलंडच्या जोना लोमूचे, १९९५ साली सात आणि १९९९ साली आठ. लोमू म्हणजे रग्बीतला पहिला जगप्रसिद्ध माणूस. टोंगा बेटांवरून आलेल्या आईबापांचा मुलगा, एकोणिसाव्या वर्षी न्यूझीलंडकडून खेळलेला. १९९५च्या उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध त्याने चार ट्राय केले. एकदा तर समोर आलेल्या माईक कॅटच्या अंगावरून तो सरळ चालत गेल्यासारखा गेला. हे सगळं करताना त्याच्या मूत्रपिंडाला आजार जडत होता. १९९९चे आठ ट्राय त्याने त्या आजारासकट केले आहेत. २००४ साली त्याच्यात दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवावं लागलं. एका रेडिओ निवेदकाने ते त्याला दिलं.

हबानाने २००७ साली आठ ट्राय केले, म्हणजे एका स्पर्धेतला लोमूचा विक्रम गाठला. २०११ साली दोन. २०१५ साली इंग्लंडमधल्या विश्वचषकात आधी दोन आणि मग ७ ऑक्टोबरला अमेरिकेविरुद्ध एकाच सामन्यात तीन. झाले पंधरा, लोमूइतकेच. आता सोळावा कधी, याची सगळे वाट बघत होते. त्याच सामन्यात चौथ्याची संधी हुकली. उपांत्यपूर्व सामना झाला, ट्राय नाही. उपांत्य सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध तर त्याला पिवळं कार्ड मिळून दहा मिनिटं बाहेर बसावं लागलं आणि दक्षिण आफ्रिका १८–२० अशी हरली. ३० ऑक्टोबरला तिसऱ्या क्रमांकाचा सामना अर्जेंटिनाविरुद्ध. दक्षिण आफ्रिका जिंकली, पण हबानाचा सोळावा आलाच नाही. त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते, १८ नोव्हेंबरला लोमू वारला. वय अवघं चाळीस.

१५–१५ हा हिशोब तसाच राहिला. लोमूला त्यासाठी अकराच सामने लागले, हबानाला बरेच जास्त. पण वहीत दोघं शेजारी शेजारी आहेत. एका स्पर्धेतल्या आठ ट्रायचं तर त्याहून नवल. २०१५ साली न्यूझीलंडच्या जुलियन सावियानेही आठच केले आणि २०२३ साली विल जॉर्डननेही आठच. चार जण एका पायरीवर. महिलांच्या रग्बीत मात्र न्यूझीलंडची पोर्शिया वुडमन या सगळ्यांच्या पुढे गेली. २०१७च्या एकाच विश्वचषकात तेरा आणि २०२२च्या अखेरीला एकूण वीस. वर्गातल्या मुलींना हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून टाळी आली.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. 'आपल्यातला आहे का?' दक्षिण आफ्रिकेत हा प्रश्न सरकारनेच कायद्यात लिहून ठेवला होता. १९५०च्या कायद्याने प्रत्येक माणसाला वंशाच्या खान्यात टाकलं : गोरा, काळा, 'कलर्ड'. पुढे भारतीयांचाही वेगळा खाना झाला. हबानाचं कुटुंब 'कलर्ड' खान्यातलं, म्हणजे मिश्र वंशाचं. गंमत पाहा, केपटाऊनच्या मुसलमानांनाही, ज्यांना तिथे केप मलाय म्हणतात, याच मोठ्या खान्यात बसवलं होतं. डच लोकांनी त्यांचे पूर्वज इंडोनेशियाच्या बाजूने गुलाम आणि कैदी म्हणून तिथे आणले होते. त्यांच्या वस्त्यांत रग्बी जिवापाड खेळली जायची. आपसात स्पर्धा, क्लबांची भांडणं, सामन्याच्या दिवशी गर्दी, सगळं होतं. पण राष्ट्रीय संघाची हिरवी जर्सी मिळायची नाही. ती गोऱ्यांसाठी राखून ठेवलेली. तेव्हा मी त्या मुलाला नंतर सांगितलं की धर्माने नसला, तरी त्या देशाच्या हिशोबात हबाना आणि तिथले मुसलमान एकाच रांगेत उभे होते.

क्रिकेट बघणाऱ्यांना बेसिल डॉलिव्हेरा आठवेल. केपटाऊनचा, याच खान्यातला. आपल्या देशात खेळू देत नाहीत म्हणून तो इंग्लंडला गेला आणि इंग्लंडकडून ४४ कसोटी खेळला. १९६८ साली इंग्लंडचा संघ त्याला घेऊन दक्षिण आफ्रिकेला जाणार होता, तर तिथल्या सरकारने तो संघच नाकारला. दौरा रद्द झाला. आपल्या देशानेही या बाबतीत किंमत मोजली आहे. १९७४ साली भारत टेनिसच्या डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत पोहोचला होता. समोर दक्षिण आफ्रिका. भारताने खेळायला नकार दिला आणि चषक सोडून दिला. नोव्हेंबर १९९१ मध्ये वर्णभेदाची भिंत पडायला लागली आणि दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट संघ कलकत्त्याला ईडन गार्डन्सवर खेळायला आला, तो दिवस मला आठवतो. मी शाळकरी होतो. कारखान्यात माग बंद ठेवून माणसं रेडिओभोवती बसली होती आणि एक जण विचारत होता, "ये लोग इतने दिन कहाँ थे?"

रग्बीत एरॉल टोबायस हा राष्ट्रीय जर्सी मिळालेला पहिला 'कलर्ड' खेळाडू, १९८१ साली. वय तेव्हा तिशीच्या पुढे गेलेलं. त्याच्या वाट्याला एकूण सहा कसोट्या आल्या. सहा! हबानाच्या १२४ शेजारी हा आकडा ठेवून बघा. टोबायसमध्ये हबानाच्या विसाव्या भागाइतकीच गुणवत्ता होती, असं कोणी म्हणेल का? फरक पायांत नव्हता. तो सालांत होता.

१९९५ साली दक्षिण आफ्रिकेत विश्वचषक झाला. आधीच्या दोन्ही विश्वचषकांत या देशाला प्रवेशच नव्हता. नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष होऊन वर्ष झालं होतं. संघात गोरा नसलेला एकच खेळाडू, चेस्टर विल्यम्स, विंगर, क्रमांक ११. दुखापतीमुळे सुरुवातीला तो संघाबाहेर होता. दुसऱ्या एका विंगरवर मैदानातल्या मारामारीबद्दल बंदी आली म्हणून त्याला बोलावलं. आल्या आल्या उपांत्यपूर्व सामन्यात त्याने सामोआविरुद्ध चार ट्राय केले. अंतिम सामना २४ जूनला जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर, समोर लोमूचा न्यूझीलंड. दक्षिण आफ्रिकेने लोमूला एकही ट्राय करू दिला नाही आणि जादा वेळेत १५–१२ असा सामना जिंकला. लोमूला पुढेही दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटीत कधी ट्राय करता आला नाही.

त्या दिवशी प्रेक्षकांत नुकताच बारा वर्षांचा झालेला एक मुलगा वडिलांसोबत बसला होता. ब्रायन हबाना. त्याआधी, मे महिन्यात, बर्नी हबाना त्याला शाळा बुडवून सुमारे चौदाशे किलोमीटरवरच्या केपटाऊनला उद्घाटनाचा सामना दाखवायला घेऊन गेले होते. शिक्षक म्हणून मला शाळा बुडवण्याचं कौतुक करता येत नाही. पण त्या बापाने काय केलं हे कळतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ज्या जर्सीचं स्वप्न बघण्यात अर्थ नव्हता, ती जर्सी आपल्यासारख्या एका माणसाच्या अंगावर त्या दिवशी त्या पोराने डोळ्यांनी पाहिली. नऊ वर्षांनी तीच जर्सी त्याच्या अंगावर आली आणि पुढे पाठीवरचा आकडाही तोच, ११.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

माझे अब्बा मागावर काम करायचे. अभ्यासाला बसवताना म्हणायचे, "बेटा, दूसरे दस करें तो अपने को बीस करना पडता." आपल्यापैकी बहुतेकांनी घरात हे ऐकलं असेल, दलित मित्रांनी ऐकलं असेल, मुलींनी तर ऐकलंच असेल. अब्बांचं चुकत नव्हतं. त्यांनी दुनिया पाहिली होती. मीही ते ऐकूनच शिकलो, बीएड केलं, नोकरी मिळवली. हबानाचे ६७ ट्राय हे मला अशाच 'बीस'सारखे दिसतात. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्या नसलेल्या खेळाडूकडे बघून 'कोट्यातला' म्हणायची सवय होती आणि वाद वर्षानुवर्षं चालू होते. त्याला हबानाच्या आकड्यांनी जे उत्तर दिलं, ते कोणत्याही भाषणाने दिलं नसतं.

पण इथेच एक धोका आहे. आपण हबानाकडे बोट दाखवून म्हणू लागतो, 'बघा, ज्याच्यात दम असतो तो वर येतोच.' येत नाही. टोबायस बघा. तीच माती, तोच खेळ. हबाना पंधरा वर्षं आधी जन्मला असता तर चित्त्याइतका पळूनही नोंदवहीत त्याच्या नावापुढे शून्य असतं आणि शून्याचं कोणी नावही लिहून ठेवत नाही. विक्रम करून जागा मिळत नाही. जागा मिळाल्यावर विक्रम होतो.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मुलगा होता, त्याचं नाव लिहीत नाही. आमच्या शाळेला मैदान नाही. तो स्मशानाकडच्या मोकळ्या जागेत, चप्पल काढून पळायचा. मी त्याला एका निवड चाचणीला घेऊन गेलो. चार जणांच्या रिले संघात एक जागा शिल्लक होती. तो पळाला आणि चांगला पळाला, हे तिथल्या इतर शिक्षकांनीही मान्य केलं. निवड करणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, "आधी कुठे खेळलाय? सर्टिफिकेट?" मी म्हणालो, साहेब, ही पहिलीच वेळ आहे. ते म्हणाले, "मग पुढच्या वर्षी काहीतरी करून दाखवा, मग बघू." ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी आम्हाला चहाही पाजला. पण कुठे करून दाखवायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. बसमध्ये तो मुलगा खिडकीबाहेर बघत होता. पुढच्या वर्षी त्याचे वडील आजारी पडले आणि तो कामाला लागला. आज तो रात्रपाळीला माग चालवतो, घर सांभाळतो, भेटला की अदबीने सलाम करतो. त्याच्या आयुष्यात कमी काही आहे असं मी म्हणणार नाही. फक्त तो किती वेगाने पळू शकला असता, हे आता कोणालाच कळणार नाही.

म्हणून मला दक्षिण आफ्रिकेचे पुढचे आकडे जास्त महत्त्वाचे वाटतात. १९९५च्या अंतिम सामन्यात पहिल्या पंधरांत गोरा नसलेला एक जण. २००७च्या अंतिम सामन्यात दोन, हबाना आणि जे. पी. पीटरसन. बारा वर्षांत एकाचे दोन झाले, तेही हबानासारखा माणूस असताना. २०१९ साली जपानमध्ये अंतिम सामना झाला तेव्हा सहा आणि चषक उचलणारा कर्णधार सिया कोलिसी, देशाचा पहिला कृष्णवर्णीय कसोटी कर्णधार. अंतिम सामन्यात इंग्लंडविरुद्ध दोन ट्राय झाले, माकाझोले मापिंपी आणि चेस्लिन कोल्बे या दोन विंगरांचे. त्यातला मापिंपी ११ क्रमांकाचा. त्या सामन्याच्या दोन महिने आधी, सप्टेंबरमध्ये, चेस्टर विल्यम्स वारला होता.

या सहा जणांतल्या प्रत्येकाच्या नावावर ६७ ट्राय नाहीत. काहींचं काम तर ट्राय करणं नव्हतंच, मधल्या धक्काबुक्कीत खांदा देणं होतं. ते खेळले कारण ते चांगले खेळाडू होते. 'बीस' करावे लागले नाहीत, 'दस'वर जागा मिळाली. खरा बदल मोजायचा तर तिथे मोजावा. एक असामान्य माणूस आत गेला म्हणजे दार उघडलं असं होत नाही. कधी कधी तो भिंतीवरून उडी मारून गेलेला असतो. साधारण बरा खेळणारा, बरा शिकणारा, बरं काम करणारा माणूस सरळ चालत आत जाऊ लागला की समजावं, दार उघडलं.

आपल्या समाजात आपण बक्षीस समारंभ फार करतो. दहावीला पंचाण्णव टक्के मिळवणाऱ्याला हार, शाल, ट्रॉफी, फोटो. करावेतच. पण पासष्ट टक्केवाल्याला पुढच्या वर्गात प्रवेश मिळाला का, त्याची फी कोणी भरली, हे विचारायला त्या मंडपातले किती लोक दुसऱ्या दिवशी येतात? तीच गोष्ट खेळाची. नव्वद मुलांना एकदा नीट पळायला मिळालं, तर त्यातला एखादा कोण हे कळेल. आपण त्या एखाद्याची वाट बघत बसतो आणि नव्वदांना पळूच देत नाही.

आमच्या शाळेत आता शनिवारी सकाळी आम्ही दोन शिक्षक मुलांना जवळच्या एका मैदानात नेतो. मैदान दुसऱ्यांचं आहे, दोन तासांसाठी मिळतं. घड्याळ माझ्या मोबाईलमधलं. प्रत्येकाची वेळ एका वहीत लिहितो, पहिल्याचीही आणि शेवटच्याचीही, मुलींचीही. तारीख घालतो, सही करतो आणि शाळेचा शिक्का मारून घेतो. उद्या कोणी सर्टिफिकेट विचारलं तर दाखवायला ही वही आहे. पालकांना एकच विनंती करतो, एखाद्या शनिवारी पाळी बदलून घ्या आणि मुलाला पळताना बघायला या. मागच्या शनिवारी तिघे आले होते. एक आई डबा घेऊन आली होती आणि तिने सगळ्यांना पुरेल इतका पोहा आणला होता. निबंधात हबाना लिहिणारा मुलगा शंभर मीटरमध्ये अकरावा आला. वहीत तेच लिहिलं आहे, ११.